पायाची नाडी बघायला आम्ही नाशिकपर्यंत जायचं का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातला, कापूसवाला माणूस. आमच्या नानांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून ६ सेंटिमीटर झाली होती, पुरुषांत साडेपाचला गेली की डॉक्टर ऑपरेशनचं बोलतात, मग मुंबईला नेलं आणि पोट न फाडता जांघेतून स्टेंट ग्राफ्ट बसवला, चौथ्या दिवशी नाना घरी. हा ग्राफ्ट म्हणजे पायजमाच समजा, वर कंबर अन् खाली दोन नळ्या, एकेक नळी एकेका पायाला रक्त देते. त्यातली एखादी नळी वाकडी पडली, दुमडली, की आत रक्त साकळतं आणि तो पाय बंद. हे बऱ्याचदा पहिल्या वर्षातच होतं म्हणे, आम्हाला तर डिस्चार्जच्या कागदावर कुणी दोन ओळी पण लिहून दिल्या नव्हत्या.

चार महिन्यांनी, रात्री साडेआठला, ओट्यावर बसलेले नाना म्हणे, "मना डावा पाय थंडा पडी ग्या रे." हात लावला तर माठासारखा गार, रंग पांढुरका. गावातले डॉक्टर म्हणाले गादी सरकली असेल, इंजेक्शन दिलं. पुढच्या दवाखान्यात कमरेचा एक्स-रे काढला. जांघेत दोन बोटं ठेवून नाडी बघायचं कुणालाच सुचलं नाही साहेब, शेवटी मीच बघितली, उजवीकडे ठक ठक लागत होती आणि डावीकडे काहीच नाही.

धुळ्याला पोचेपर्यंत रात्रीचे दोन. तिथून पुढे मालेगाव, चांदवड करत नाशिकला गेलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. रक्त बंद झालं की साधारण सहा तासांत स्नायू मरायला लागतात, आमचे साडेदहा गेले. सर्जननी जांघेत चीर देऊन फॉगार्टीच्या फुग्याने (बारीक नळीच्या टोकाला असलेला फुगा) गुठळी ओढून काढली आणि दुमडलेल्या जागी आतून अजून एक स्टेंट टाकला. ते जमलं नसतं तर उजव्या जांघेतून कातडीखालून नळी टाकून डाव्या पायाला रक्त द्यायचं ठरलं होतं. पाय वाचला, तीन बोटं गेली. (फॉगार्टी नावाच्या डॉक्टरांनी म्हणे पहिला फुगा हातमोज्याच्या करंगळीचं टोक कापून बनवला होता, १९६० च्या दशकातली गोष्ट ही.)

आता मागणं ऐका, मोठं नाही. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्यातल्या एका ठिकाणी तरी रक्तवाहिन्यांचा सर्जन रात्री फोनवर भेटला पाहिजे, आणि फुगा कपाटात असला पाहिजे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात खिशात मावणारा हँड डॉपलर, म्हणजे रक्त वाहतंय का ते आवाजाने सांगणारं यंत्र, द्या, ग्राफ्टवाला पेशंट गार पाय घेऊन आला तर आधी नाडी बघा, सर्जनला विचारून हेपरिन, म्हणजे रक्त साकळू न देणारं औषध, सुरू करा आणि १०८ ला थेट तिकडेच पाठवा, मधी तीन दवाखाने नको. आणि ग्राफ्टची तपासणीची सोनोग्राफी इथंच होऊ द्या, दरवेळी मुंबईचं तिकीट काढायचं, मजुरी बुडवायची, म्हणून लोक जातच नाहीत, नाना पण गेले नव्हते.

पुढची तपासणी डिसेंबरात आहे, कापूस वेचणीच्या ऐन टायमाला. तेव्हा ती धुळ्यात होईल की परत मुंबई, एवढं कळवा.

आपला,
नानांचा मुलगा, ता. पारोळा, जि. जळगाव