निर्लेखनाचा शेरा मारण्याआधी एक पेनड्राइव्ह लावून पाहा

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी शाळेत संगणक शिकवते. आमच्या संगणक कक्षातल्या कपाटात बारा लॅपटॉप एकावर एक रचून ठेवले आहेत. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, त्यांच्यापुढे शेरा आहे, 'निरुपयोगी, निर्लेखनास पात्र', म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याजोगे. एक दिवस त्यातला एक चालू केला. हार्डडिस्क घरघरत राहिली, आणि स्क्रीनवर काही दिसेपर्यंत माझी वर्गाची हजेरी घेऊन झाली. मग त्यालाच क्रोमओएस फ्लेक्सचा पेनड्राइव्ह लावला. फ्लेक्स म्हणजे जुन्या संगणकांवर विंडोजऐवजी चालणारी गूगलची हलकी ऑपरेटिंग सिस्टिम. थोड्याच वेळात सातवीतली एक मुलगी त्यावर आपला निबंध टाइप करत बसली होती. एक की अडकत होती, तेवढी ती जोरात दाबायची.

विंडोज १० चे मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट लॅपटॉपही निर्लेखनाच्या यादीत जात आहेत. फ्लेक्स मोफत आहे. ६४ बिटचा इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा एवढं त्याला पुरतं, कारण बहुतेक काम ब्राउझरमध्ये होतं आणि फाइली क्लाउडवर राहतात. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून तो आधी नुसता चालवून पाहता येतो, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. कायमचा बसवताना मात्र डिस्क पूर्ण पुसली जाते, म्हणून जुन्या फाइली आधी काढून घ्याव्या लागतात.

सगळीकडे हाच उपाय चालेल असं माझं म्हणणं नाही. नेट धड येत नसेल तिथे लुबुंटू किंवा लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बऱ्या. फक्त विंडोजवर चालणारी सॉफ्टवेअरं फ्लेक्सवर चालत नाहीत. आणि मुलांची गूगल खाती कुणाच्या नावाने उघडायची, त्यांची माहिती कुठे जाते, हे एकट्या शिक्षकावर सोडू नका. ते शिक्षण खात्यानेच ठरवायला हवं.

मी बाराही लॅपटॉप तपासले. नऊ नीट चालतात, दोघांच्या बॅटऱ्या फुगल्या आहेत, एकाचा मदरबोर्ड गेला आहे. तरी ते नऊ कपाटातच आहेत. निरुपयोगी ठरलेल्या वस्तूवर खर्च टाकता येत नाही, असं मला सांगण्यात आलं, आणि एकदा पडलेला शेरा खोडायला कुणी धजावत नाही. मुख्याध्यापकांचा यात दोष नाही. त्यांना वरून कागद हवा आहे.

तो कागद आपण काढावा, एवढंच मागणं आहे. पेनड्राइव्ह चाचणीचा निकाल लिहिल्याशिवाय एकही लॅपटॉप निर्लेखित होऊ नये, आणि आधी शेरा पडलेल्यांची फेरतपासणी करायची मुभा शाळेला मिळावी. आमच्या निर्लेखन समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तोवर कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे.

आपली विश्वासू,
एक संगणक शिक्षिका