विषय: तुमच्या बॅकअप एजंटची सदोष सर्व्हिस फाइल आणि 'सोडवली' म्हणून बंद केलेली तक्रार

व्यवस्थापक, ग्राहक साहाय्य विभाग,

तुमच्या मदत केंद्राशी चौथा कॉल आत्ताच संपला, म्हणून आता लेखी.

तुमचा एजंट, म्हणजे बॅकअप घेणारा प्रोग्राम, कसा चालवायचा हे लिनक्सच्या सिस्टमडीला (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रणालीला) सांगणाऱ्या तुमच्या सर्व्हिस फाइलमध्ये 'टाइप=फोर्किंग' (प्रोग्राम स्वतःची प्रत मागे चालू ठेवून बाहेर पडतो) आहे आणि खाली 'एक्झेकस्टार्ट'च्या, म्हणजे प्रोग्राम सुरू करायच्या, ओळीत तुमचाच 'फोरग्राउंड' पर्याय, म्हणजे फोर्क न करता समोरच चालत राहा. म्हणजे मूळ प्रोसेस फोर्क करून बाहेर पडेल म्हणून सिस्टमडी वाट बघत बसतं आणि ती बाहेर पडतच नाही. डीफॉल्ट 90 सेकंद संपले की सिस्टमडी तिला मारतं, 'रीस्टार्ट=ऑलवेज' ही ओळ पुन्हा उठवते. 10 सेकंदांत 5 प्रयत्नांची मर्यादा इथे लागूच होत नाही, कारण एका फेरीलाच दीड मिनिट जातं. त्यामुळे सर्व्हिस कायमची 'फेल्ड' होऊन थांबत नाही, रहाटगाडगं रात्रभर फिरतं आणि दीड मिनिटापेक्षा मोठा एकही बॅकअप पुरा होत नाही.

जर्नलमधली (सिस्टमडीच्या नोंदींमधली) 'स्टार्ट ऑपरेशन टाइम्ड आउट', म्हणजे सुरू व्हायची मुदत संपली, ही ओळ मी तुमच्या प्रतिनिधीला वाचून दाखवली. उत्तर आलं, "सर्व्हर रीस्टार्ट करून बघितलात का?" बघितला, तीनदा. "मग फाइलला 777 परमिशन द्या." सर्व्हिस फाइल सगळ्यांना लिहिण्याजोगी करा, असा सल्ला बॅकअप विकणारी कंपनी देते! मी पुन्हा सांगितलं, दर 90 सेकंदांनी एजंट मरतो. त्यावर शांतपणे, "म्हणजे 90 सेकंद तरी चालतो ना, सर?" आणि तक्रार बंद. शेरा: 'सोडवली'.

त्याआधीच्या महाशयांनी 'यूएसआर-लिब'मधली, म्हणजे पॅकेजसोबत येणारी, मूळ फाइलच बदलायला लावली होती. पुढच्या अपडेटने ती पुसली, हे वेगळं सांगायला नको. फाइल बदलल्यावर 'डेमन-रीलोड' करून ती सिस्टमडीला पुन्हा वाचायला लावायची असते, हेही त्यांना मीच सांगितलं.

सध्या मूळ फाइलला हात न लावता 'सिस्टम-सीटीएल एडिट'ने ओव्हरराइड करून 'टाइप=सिंपल' (फोर्क न करणारा प्रोग्राम) केलंय, 'पीआयडीफाइल=' (प्रोसेसचा क्रमांक ठेवणाऱ्या फाइलचा पत्ता) रिकामं ठेवलंय. एजंट बिनबोभाट चालतोय. एका शब्दाची चूक, चार कॉल.

शिवाय त्याच फाइलमधलं 'आफ्टर=नेटवर्क.टार्गेट' म्हणजे नेटवर्क तयार असेलच असं नाही. तुमच्या एजंटला 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' हवं, 'आफ्टर'मध्येही (कशानंतर सुरू व्हायचं) आणि 'वॉन्ट्स'मध्येही (सोबत काय सुरू करायचं). हे तुमच्या लोकांना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. ठाऊक असूनही पॅकेज असंच पाठवलं असेल, तर मग बोलणंच खुंटलं.

पुढच्या आवृत्तीत ही फाइल दुरुस्त होऊन आली नाही, तर परवान्यांचं नूतनीकरण होणार नाही. आणि ती 'सोडवलेली' तक्रार आधी पुन्हा उघडा.

एक ग्राहक (अजून तरी)