ध्रुवाकडच्या माणसांचंही छापा

संपादक महोदय,

आर्क्टिकची बातमी आली की सोबत फोटो पांढऱ्या अस्वलाचाच असतो, तिथली माणसं कुठे दिसतच नाहीत, म्हणून हे पत्र. अमेरिकेच्या अलास्का राज्याजवळच्या बेरिंग समुद्रात २०१८-१९ ला पाणी खूप तापलं आणि पुढच्या दोनेक वर्षांत तिथले १००० कोटींहून जास्त स्नो क्रॅब म्हणजे खेकडे नाहीसे झाले. शास्त्रज्ञ म्हणतात बहुतेक उपासमारीने मेले, कारण पाणी गरम झालं की त्यांना खायला जास्त लागतं आणि तेवढं तिथे नव्हतंच. २०२२ ला अलास्काने हे खेकडे पकडायचा सीझन पहिल्यांदाच बंद केला, मग सेंट पॉल बेटावर, जिथे मूळचे उनांगन लोक राहतात, गावाचं मोठं उत्पन्नच गेलं. खेकड्यांवरच्या करातून गाव चालायचं हो!

अलास्कातल्याच शिशमारेफ या किनाऱ्यावरच्या गावाचं तर आणखी वाईट. पूर्वी हिवाळ्याआधीच किनाऱ्याला बर्फ धरायचा, वादळाच्या लाटा त्यावर अडायच्या, आता तो उशिरा धरतो आणि जमीन खचत चाललीय, २०१६ ला लोकांनी मतदान करून गाव हलवायचं ठरवलं पण एवढा पैसा आणायचा कुठून, म्हणून अजून तिथेच राहतायत.

आणि आपण वाचतो काय, तर बर्फ कमी झाल्याने जहाजांना जवळचा रस्ता मिळणार. याला फायदा म्हणणं मला अजिबात पटत नाही. ज्यांनी धूर केला नाही त्यांचीच घरं जातायत, त्यांच्याबद्दल सविस्तर छापा ही विनंती.

– एक वाचक