औषधी पाल्याला भाव कोण देणार?

महोदय,

आफ्रिकेतील देशांनी आर्टेमिसिया या झुडपापासून मिळणारी हिवतापावरील औषधे आपल्याच भूमीत पिकवून तिथेच तयार करावीत, असा विचार मांडणारा लेख आपल्या दैनिकात वाचला. विचार रास्त आहे. २०२३ साली जगात हिवतापाचे अंदाजे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले आणि त्यांतही बहुतांश पाच वर्षांखालील मुलांचे. तरीही लेखात सगळा भर लागवडीवर होता, हे खटकले. या साखळीत लागवड हेच त्यातल्या त्यात सोपे काम आहे आणि निपाणी भागातल्या तंबाखू उत्पादकाला तरी हे वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रश्न आहे तो आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ या झुडपाचा. हिवतापावर औषध शोधण्यासाठी चीनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या ‘प्रकल्प ५२३’ मधील संशोधनात शास्त्रज्ञ तू योयो यांनी त्यातील आर्टेमिसिनिन हे द्रव्य शोधून काढले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चैत्रात जोतिबाला आपण वाहतो तो दवणाही याच वंशातला (म्हणून दवण्याने हिवताप जातो, असे मात्र कोणी समजू नये). या झुडपाचे बी धुळीइतके बारीक असल्याने तंबाखूप्रमाणेच आधी तरवा टाकून मग रोपे लावावी लागतात. पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींत साठणारे द्रव्य फुलोऱ्याच्या तोंडावर सर्वाधिक असते. त्यामुळे कापणीची वेळ चुकली की मालाचे मोल उतरते. विषुववृत्ताजवळ दिवस फारसा लांबत नसल्याने हे झुडूप लवकर फुलावर येते व पाला कमी भरतो. म्हणूनच केनिया, टांझानिया, युगांडा या देशांत उंचावरचे थंड पट्टे आणि उशिरा फुलणारे वाण निवडले गेले. इतके करूनही चांगल्या वाणाच्या शंभर किलो वाळलेल्या पाल्यातून जेमतेम किलोभर द्रव्य हाती येते.

खरी अडचण यापुढे सुरू होते. हेक्झेनसारख्या द्रावकाने अर्क काढणे, तो शुद्ध करून स्फटिक मिळवणे, त्यापासून आर्टेमेथर किंवा आर्टेसुनेट ही प्रत्यक्ष औषधे बनवणे आणि शेवटी ल्युमेफॅन्ट्रिनसारख्या जोड औषधासह गोळी तयार करणे, ही सारी कामे भांडवलाची आणि काटेकोर तपासणीची आहेत. नैरोबीजवळ अथी रिव्हर येथे अर्क काढणारा कारखाना उभा राहिला आणि कंपालात मुंबईच्या सिप्लाच्या सहभागाने गोळ्यांचा कारखानाही निघाला, म्हणजे हे आफ्रिकेला अशक्य आहे असे मुळीच नाही. पण लागवडीपासून गोळीपर्यंत सुमारे सव्वा ते दीड वर्ष जाते आणि तेवढ्या काळात बाजार पालटतो. जागतिक आरोग्य संघटनेने या संयुक्त औषधांचा पुरस्कार केल्यावर २००४-०५ च्या सुमारास टंचाई होऊन आर्टेमिसिनिनचा भाव किलोला हजार डॉलरच्या घरात गेला. ते पाहून चीन, व्हिएतनाम व पूर्व आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी लागवड वाढवली आणि २००७ पर्यंत भाव दोनशे डॉलरच्या आसपास कोसळला. चढ्या भावाला भुलून पेरणी झाली आणि माल तयार होईपर्यंत गिऱ्हाईक फिरले, हा प्रकार आपल्याकडच्या तंबाखूच्या वखारींसमोर उभे राहिलेल्यांना अपरिचित नाही. १९८१ साली निपाणीत तंबाखू उत्पादक शेतकरी महामार्गावर उतरले, ते भावासाठीच.

लेखात या पाल्याचा काढा किंवा चहा हा गरिबांसाठी स्वस्त पर्याय म्हणून सुचवला आहे, त्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. काढ्यात द्रव्य किती उतरले हे पाल्यावर, पाण्यावर आणि उकळण्यावर अवलंबून राहते. अपुऱ्या मात्रेत हिवतापाचे काही परजीवी जगतात आणि औषधाला सरावतात. रवांडा, युगांडा, टांझानिया व इरिट्रिया येथे आर्टेमिसिनिनला अंशतः दाद न देणारे परजीवी आढळलेच आहेत. असा सराव टाळण्यासाठीच तर हे द्रव्य एकटे न देता जोड औषधासह देतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही या वनस्पतीचा चहा वा तत्सम रूपे उपचारासाठी वापरण्यास पाठिंबा दिलेला नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात ताप आला की आधी काडेचिराईताचा काढा घेणारी घरे आजही असतील. अशा वाचकांपर्यंत हा सल्ला तपासणीविना जाणे बरे नव्हे.

तेव्हा स्थानिक उत्पादन खरोखर हवे असेल, तर जे आंतरराष्ट्रीय निधी हिवतापाची औषधे घाऊक खरेदी करतात त्यांनी आफ्रिकेतील कारखान्यांना काही वर्षांची हमीची मागणी द्यावी आणि कारखान्यांनी तीच हमी शेतकऱ्याशी होणाऱ्या करारात उतरवावी. कोरफड आणि सफेद मुसळीच्या करार शेतीत आपल्याकडे अनेकांचे हात पोळले, कारण करारात भाव असला तरी माल उचलला जाईलच, याची खात्री नव्हती. पाल्याची किंमत निव्वळ वजनावर न ठरता त्यातील द्रव्याच्या प्रमाणावर ठरावी, ती चाचणी खरेदीदाराव्यतिरिक्त दुसऱ्या प्रयोगशाळेत व्हावी आणि तिचा दाखला पैसे मिळण्याआधी शेतकऱ्याच्या हाती पडावा.

आपला,
एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)