जुन्या गाडीच्या तपासणीला मेकॅनिक तिसऱ्या गावचा न्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गणपती जवळ आले की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जुन्या चारचाकींचे व्यवहार जोर धरतात. मुंबई-ठाण्याच्या एमएच ०१ ते ०४ च्या गाड्या महामार्गाने खाली येतात, काही घाटावरून कोल्हापूर-कराडकडून उतरतात. घेणारे बहुतेक पहिल्यांदाच चारचाकी घेत असतात. कुणी बागायतदार असतो, कुणी घरगुती राहण्याजेवण्याची सोय चालवणारा, कुणी नुकताच निवृत्त झालेला शिक्षक. साठवलेला पैसा एका दुपारी टोकन म्हणून जातो आणि गाडी पाहिलेली असते ती बाहेरून, धुतलेली, आत सुगंधी बाटली लावलेली. मी एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून नोकरी केली आहे. लोक गाडी घेऊन झाल्यावर दाखवायला आणतात, तेव्हा सांगण्यासारखे फारसे उरलेले नसते. म्हणून हे पत्र.

तपासणी कुणी करतच नाही असे नाही. पण ती करतो कोण, हे पाहिले पाहिजे. विकणारा म्हणतो, "आमच्याच माणसाला दाखवा, त्याला गाडीची नस माहीत आहे." किंवा घेणारा आपल्या नेहमीच्या गॅरेजवाल्याला नेतो आणि तोच पुढे सौदाही जुळवून देतो. छोट्या गावात गॅरेजवाला हा गाडी घेणाऱ्या आणि विकणाऱ्यामधला दुवा असतो. व्यवहार झाला की त्याला दोन पैसे मिळतात. त्यात काही पाप नाही. पण ज्याचे पैसे सौदा होण्यावर अवलंबून आहेत, त्याच्या तोंडून "ही गाडी नको घेऊस" हे वाक्य निघणे कठीण. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की विक्रेता चिपळूणचा असेल तर गाडी खेडला किंवा रत्नागिरीला न्यावी, जिथे दोघांनाही कुणी ओळखत नाही. तपासणीची मजुरी आधी ठरवावी. गाडी घेतली तरी तेवढीच, नाही घेतली तरी तेवढीच. "चहापाण्याला घे" म्हणून हातावर पन्नास रुपये ठेवले, तर बघणाराही पन्नास रुपयांचेच बघणार. दोन-तीन तास राबणाऱ्या कारागिराला त्याचा मोबदला मिळायलाच हवा.

आपल्याकडे हे अधिक गरजेचे आहे, त्याची कारणे आपल्याच मातीपाण्यात आहेत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा उभ्या गाड्यांचे काय झाले, ते आपण पाहिले आहे. मुंबईत तर सखल भागात दर पावसाळ्यात पाणी भरते. बुडालेली प्रत्येक गाडी भंगारात जात नाही. विमा कंपनी तिला 'टोटल लॉस' म्हणजे दुरुस्तीला न परवडणारी ठरवते, ती लिलावात जाते, कुणीतरी धुऊन-वाळवून पुन्हा रस्त्यावर आणतो. हे करणे गुन्हा नाही. घेणाऱ्यापासून लपवणे हा अन्याय आहे. अशी गाडी पहिले काही महिने छान चालते. मग वायरिंगचे जोड हिरवे पडतात, सेन्सर एकेक करून दगा देतात. बुडालेल्या गाडीला कुणी पाण्यातच सेल्फ मारला असेल तर इंजिनातला पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकलेला असू शकतो, आणि ते वरून कधीच दिसत नाही.

जाणता मेकॅनिक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहतो, कारण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या मुळाशी असलेला गाळ सहसा कुणी धूत नाही. तो फूटमॅटच नव्हे, खालचा कार्पेटही उचलतो, सीटच्या रुळांचे बोल्ट पाहतो, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालतो. कोकणातल्या गाडीखाली जांभ्याची तांबडी माती असणारच, तिला घाबरू नये. फ्यूजबॉक्सच्या मागे किंवा डॅशबोर्डच्या पोटात करडा, बारीक, वाळलेला गाळ मिळाला तर मात्र तिथेच थांबावे.

दुसरा शत्रू मीठ. गुहागर, मुरुड, कर्दे इथे पर्यटक हौसेने गाडी पुळणीत उतरवतात. ओली खारी वाळू चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, खाचांत बसते आणि पत्रा आतून खात राहते. बंदरावर मासळी वाहिलेल्या व्हॅनचे तर विचारूच नका. बर्फाचे खारे पाणी क्रेटमधून झिरपून मागचा तळ कुजवते. विकण्याआधी अशा गाडीला खालून काळे कोटिंग मारतात आणि "अंडरबॉडी कोटिंग केलेय" असे गुण म्हणून सांगतात. नव्या कोटिंगखाली काय आहे ते पाहायला गाडी रॅम्पवर चढवून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघावे लागते. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. रॅम्पशिवाय, नुसते उकिडवे बसून खाली डोकावणे म्हणजे तपासणी नव्हे.

इंजिनवाला एक आणि पत्र्याचे काम करणारा डेंटर दुसरा, असे दोघे न्यावेत असे मी सुचवतो. अपघातात पुढचा भाग गेलेली गाडी पुट्टी-रंगाने इंजिनवाल्याला फसवते, पण डेंटरची बोटे फसत नाहीत. दरवाजाच्या खांबावरचे वेल्डिंग कंपनीचे की हातचे, हे तो सांगतो. इंजिन गार असताना पहिल्यांदा सुरू करायला लावावे. आधीच तापवून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावावा. चावी फिरवताच एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर बहुधा दोष लपवण्यासाठी कुणीतरी तो तोडलेला आहे. आणि ट्रायल बाजारपेठेत नको. कुंभार्ली किंवा परशुराम घाट चढवा, चार माणसे बसवून. क्लच सरकतो का, तापमानाचा काटा वर जातो का, उतरताना ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरते का, हे घाटच सांगतो.

कागदांचे थोडक्यात. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. जुनी विमा पॉलिसी मागून 'नो क्लेम बोनस', म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पाहावा. मालक वर्षानुवर्षे तोच असून बोनस शून्य असेल तर मध्ये क्लेम झालेला असण्याची दाट शक्यता आहे. कशाचा, ते विचारावे. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नाव लगेच बदलावे, यात विकणाऱ्याचेही हित आहे. नोंदीवर ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या विक्रेत्यांना परिवहन खात्याचे अधिकृतता प्रमाणपत्रही लागते. ते दाखवा म्हणायला लाजू नये. पण हे प्रमाणपत्र विक्रेत्याचे आहे, गाडीच्या प्रकृतीचे नव्हे.

"बाहेर दाखवायला देणार नाही, विश्वास असेल तर घ्या," असे कुणी म्हणाले तर उठून यावे. त्या दिवशी गेलेल्या गाडीसारख्या दहा गाड्या पुढच्या महिन्यात येतात.

माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन ठिकाणी विनंती आहे. आपल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तिथे आठवड्यातून एक दिवस, ठरावीक शुल्क घेऊन, निदेशकांच्या देखरेखीखाली जुन्या गाड्यांची तपासणी आणि सहीचा लेखी अहवाल देण्याची सोय करता येईल का, याचा प्राचार्यांनी विचार करावा. मुलांच्या हाताखालून तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या जातील आणि गिऱ्हाईकाला सौद्याशी संबंध नसलेला माणूस मिळेल. दुसरी विनंती गॅरेजवाल्या बंधूंना. आपल्या दारावर तपासणीच्या दराची पाटी लावा आणि त्या गाडीच्या सौद्यात दलाली घेणार नाही, हेही तिच्यावर लिहा. लोक पैसे द्यायला तयार आहेत. त्यांना विचारायला जागा नाही.

आपला,
एक निवृत्त मेकॅनिक, चिपळूण