विषय : बेडरूम, बाथरूम आणि वॉक-इन क्लोझेटच्या आराखड्यावर मी सही करणार नाही

महोदय,

आत्ताच आपल्या डिझाइन विभागाचा फोन ठेवला. ‘तुमचं म्हणणं आम्ही नोंदवून घेतलंय’ हे वाक्य मला आता पाठ झालं आहे, म्हणून या खेपेला मीच नोंदवते आणि लेखी नोंदवते.

आराखडा आपल्याकडे आहेच. शेवटची ‘सुधारित’ प्रत काढा, जिच्यात फक्त पलंगावरच्या उशांचा रंग सुधारला आहे. बेडरूम आणि बाथरूमच्या मधली साडेसहा फुटांची पट्टी तुम्ही वॉक-इन क्लोझेटला दिलीत आणि दोन्ही भिंतींना तुमची 24 इंच खोलीची कपाटं लावलीत. 78 वजा 48. उरले 30 इंच. समोरासमोर कपाटं असतील तर मध्ये किमान 36 इंच हवेत, हे तुमच्याच पुस्तिकेत छापलेलं आहे. ती पुस्तिका बहुधा फक्त ग्राहकांना वाचायला देतात.

हे 30 इंचही कागदावरचेच. तुमच्या माणसाने माप घेतलं तेव्हा भिंती विटांच्या होत्या. प्लास्टरने दोन्हीकडचा मिळून एक इंच खाल्ला, आणि तुम्हीच निवडून दिलेली हँडल दीड-दीड इंच बाहेर येतात. म्हणजे राहिले 26. बाथरूमचं दार 30 इंचांचं आहे आणि ते याच बोळात बाहेरच्या बाजूला उघडतं, कारण आत उघडलं तर कमोडला धडकतं. 26 इंचांत 30 इंचांचं दार कसं फिरतं, ते तुमच्या सॉफ्टवेअरलाच ठाऊक.

मी साइटवर जाऊन खडूने जमिनीवर कपाटं आखली. पुठ्ठ्याचं एक खोकं ड्रॉवर म्हणून 20 इंच पुढे ओढलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले. माझ्या टाचा समोरच्या कपाटाच्या रेषेच्या आत गेल्या. खालचा ड्रॉवर बघायला वाकले, तर पाठ थेट साड्या टांगायच्या जागेत. या खडूच्या रेषांचे फोटो मी पाठवले होते. त्यावर ‘खूप छान, मॅडम’ असं उत्तर आलं.

आता आजचा फोन. मी विचारलं, ड्रॉवर उघडल्यावर मी उभी कुठे राहू? आपले डिझाइन प्रमुख म्हणाले, “थ्रीडीत तर व्यवस्थित बसतंय, मॅडम.” मी म्हटलं, थ्रीडीत माणूसच नाहीये. “माणूस टाकला की व्ह्यू जातो.” मी पुन्हा विचारलं, उभं कुठे राहायचं? मग त्यांनी तोडगा काढला. “बाथरूममध्ये उभं राहून उघडा ना. दार उघडं ठेवलं की जागापण मोठी वाटते.” म्हणजे जे दार उघडतच नाही ते उघडं ठेवायचं, ओल्या फरशीवर उभं राहायचं आणि तिथून हात लांबवून कपडे काढायचे. मी काही बोलले नाही. बोलले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती, दुसरंच काहीतरी झालं असतं. माझी शांतता त्यांनी होकार धरली असावी, कारण पुढचं वाक्य होतं, “सर आहेत का घरात? सरांना द्या ना फोन, त्यांना टेक्निकल समजावतो.”

सर शेजारीच बसले होते. या क्लोझेटमध्ये आपल्या वाट्याला एक कप्पा येणार आहे, यापलीकडे सरांना काहीही माहिती नाही. मापं मी घेतली, करारावर सही माझी आहे, आगाऊ रक्कम माझ्या खात्यातून गेली. ती घेताना कुणी ‘सरांना द्या’ म्हटल्याचं मला आठवत नाही.

बाथरूमबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. एक्झॉस्ट फॅन तुम्ही बाहेरच्या भिंतीला न लावता क्लोझेटच्या भिंतीला लावला आहे. गरम पाण्याची सगळी वाफ माझ्या कपड्यांवर. पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्यांना आणि पर्सना बुरशी कशी धरते, हे कपाटं विकणाऱ्यांना मी सांगायचं? कमोड शाफ्टपासून, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या पोकळीपासून, उचलून समोरच्या भिंतीला नेलात, ‘व्ह्यू’साठीच असणार. तिथून शाफ्टपर्यंत सात फूट. आमचा स्लॅब सन्कन नाही, म्हणजे बाथरूमपुरता पाइपसाठी खाली घेतलेला नाही, त्यामुळे पाइप फरशीवरूनच न्यावा लागणार. चार इंची पाइप आणि चाळीस फुटांना एक फूट असा उतार धरला, तर सात फुटांत दोन इंच. म्हणजे टाइल बसायच्या आधीच बाथरूम सहा इंच वर. कधी पाणी तुंबलं तर ते पायरी उतरून कुठे जाईल? क्लोझेटमध्ये.

उपाय मीच देते, त्याची फी लावत नाही. एका बाजूला 24 इंचांचं टांगायचं कपाट राहू द्या. दुसऱ्या बाजूला 12 इंच खोलीचे उघडे कप्पे करा. घडीच्या कपड्यांना तेवढी खोली पुरते, आणि मध्ये 42 इंच मिळतात. प्लास्टर आणि हँडल वजा करूनही माणूस माणसासारखा उभा राहतो. बाथरूमला सरकतं दार. कमोड शाफ्टला लागून, जिथे बिल्डरने पाइप काढून ठेवला आहे तिथेच. पंखा बाहेरच्या भिंतीला. यात अवघड काय आहे, ते मला खरंच कळलेलं नाही. की दोन्हीकडे कपाटं लावली की जास्त चौरस फूट विकले जातात, एवढंच कारण आहे?

माझ्या जावेचं स्वयंपाकघर तुम्हीच केलंत. तिच्याकडे ओट्याखालचा प्रत्येक ड्रॉवर कोपऱ्याला न अडकता पूर्ण बाहेर येतो. ते बघूनच मी तुमच्याकडे आले, बाकी कुणाकडे कोटेशनही मागितलं नाही. ते काम करणारी माणसं अजून तुमच्याकडे असतील तर त्यांच्यापैकी एकाला माझा आराखडा दाखवा. नसतील तर तसं सांगा, म्हणजे मी जावेला तिच्या ड्रॉवरना जपायला सांगेन.

आज ‘सही करून पाठवा, नाहीतर फॅक्टरीचा स्लॉट जाईल’ असा मेसेजही आला आहे. स्लॉट जाऊ द्या. सही होणार नाही. येत्या सोमवारपर्यंत वर लिहिल्याप्रमाणे बदललेला आराखडा, मापं आणि हँडलसकट, आला नाही तर करार रद्द समजून आगाऊ रक्कम परत करावी. ती परत करायला खळखळ केलीत तर हेच पत्र, खडूच्या फोटोंसह, ग्राहक आयोगाकडे जाईल. आणि पुढचा फोन मलाच करा. सरांना नको.

साइटवर माणूस पाठवणार असाल तर मेजरिंग टेप देऊन पाठवा. मागच्या वेळी आलेल्याने माझाच मागितला होता, तो अजून त्याच्याकडेच आहे.

आपली (अजून तरी) ग्राहक