क्वांटम म्हणजे फक्त कॉम्प्युटर नव्हे

संपादक महोदय,
आपल्या पेपरात क्वांटम म्हटलं की फक्त कॉम्प्युटरच येतो, पण क्वांटम वेलवर (इंग्रजी 'वेल' म्हणजे विहीर; इलेक्ट्रॉन अडकवणारा अतिपातळ थर) एकदा तरी लिहा ना. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाचा (सेमीकंडक्टरचा) साधारण १० नॅनोमीटरचा थर दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडमध्ये दाबला की इलेक्ट्रॉन त्यात अडकतात, आणि मग प्रकाश वाढवला तर शोषण त्या प्रमाणात वाढतच नाही, उलट एका मर्यादेनंतर थर प्रकाश न शोषता आरपार जाऊ द्यायला लागतो, भरलेली एसटी हात दाखवला तरी थांबत नाही ना, तसं! आतल्या जागा संपलेल्या असतात. याच गुणावर बनवलेले आरसे लेझरमधून फेम्टोसेकंदांचे (सेकंदाच्या अब्जांशाचाही दहा लाखावा भाग) पल्स, म्हणजे प्रकाशाचे झटके, काढतात. १९८४ साली बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत दिसलं की अशा थराला व्होल्टेज दिलं तरी शोषण बदलतं, त्यातूनच ऑप्टिकल फायबरसाठीचे मॉड्युलेटर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करून संदेश पाठवणारी उपकरणं, आले, आणि फायबर तर आता आपल्या कोकणातही आलंय.
रत्नागिरी, सावंतवाडी, मालवणकडची बीएस्सीची पोरं हुशार आहेत हो, पण हे सगळं त्यांना मराठीत वाचायला मिळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान द्या, आकृतीसकट.
– एक वाचक, रत्नागिरी